वाचक विचारतात : बन्नीचं गोडं पाणी, लखपत आणि भुंगा

प्रश्न : कच्छच्या बन्नीत, म्हणजे तिथल्या गवताळ प्रदेशात, जमिनीखाली खारं पाणीच लागतं म्हणतात. मग तिथले मालधारी, म्हणजे गुरं पाळणारे लोक, इतक्या पिढ्या काय प्याले? जंबुसरकडे आमची शेती आहे, तिथली बोअरही खारट झाली आहे. त्यांचा उपाय आमच्याकडे चालेल का? (एक वाचक, दांडिया बाजार)

उत्तर : ते विरड्याचं, म्हणजे हातानं खणलेल्या उथळ विहिरीचं पाणी प्याले. बन्नी सपाट दिसते, तरी मध्येमध्ये बशीसारख्या सखल जागा आहेत. त्यांना तिथं झील म्हणतात. पावसाचं पाणी झीलमध्ये साचतं, हळूहळू जिरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतं, कारण गोडं पाणी हलकं. दोन्हींच्या मध्ये मचूळ पाण्याचा पट्टा असतो. विरड्याचा तळ गोड्या थरातच थांबवायचा आणि मचूळ पाणी ढवळू द्यायचं नाही, हे खरं कसब.

विरडा झीलच्या तळातच खणतात. माती ढासळू नये म्हणून आतून लाकडी ओंडक्यांच्या चौकटी एकावर एक रचतात आणि त्यांच्यामागे गवत ठासतात. गाळ गवतात अडतो, पाणी झिरपून आत येतं. गुरं आत उतरू नयेत म्हणून तोंडाभोवती काटेरी झुडपांचं कुंपण घालतात आणि त्यांच्यासाठी बाजूला मातीचं कुंड करतात. पावसाळ्यात झील भरली की विरडे गाळानं बुजतात. पाणी ओसरल्यावर ते पुन्हा उकरायचे.

बिघडतं ते उपशामुळे. खालचं पाणी समुद्राइतकं खारट धरलं, तर गोड्या पाण्याची पातळी १ सेंटीमीटर उतरली की खारं पाणी सुमारे ४० सेंटीमीटर वर यायला बघतं. म्हणूनच एका झीलमध्ये अनेक विरडे असतात. एकाची चव बदलली की त्याला विश्रांती देऊन शेजारचा उघडतात.

तुमच्या बोअरचं दुखणंही बहुधा हेच आहे. पंप एकाच जागी जोरानं ओढतो आणि खालचं खारं पाणी शंकूसारखं वर चढतं. बोअर आणखी खोल नेऊ नका. सखल कोपऱ्यात रेताड माती असेल तर पावसाचं पाणी तिथं जिरवा, दिवाळीनंतर उथळ खड्डा घ्या आणि बादलीनं थोडं थोडं उपसा. पाण्यात विरघळलेले क्षार टीडीएस मीटरनं रोज मोजा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालतं. आकडा चढू लागला की उपसा थांबवा. मीटर जंतू दाखवत नाही, म्हणून पाणी उकळूनच प्या. तुमची जमीन काळी, चिकण असेल तर मात्र पाणी जिरणार नाही. तिथं विरड्याचा नाद सोडून शेततळं करा.

प्रश्न : कच्छमधल्या लखपत गावाची तटबंदी, म्हणजे कोट, एवढा मोठा आणि आत वस्ती नावापुरती. असं का झालं? (एक वाचक, मांडवी)

उत्तर : पाणी तुटल्यामुळे. एके काळी सिंधूच्या एका फाट्याचं पाणी कोरी खाडीकडे यायचं, त्यावर आसपास भात पिकायचा आणि लखपत बंदर म्हणून भरभराटीला आलं होतं. अठराव्या शतकात सिंधच्या राज्यकर्त्यांनी वरच्या बाजूला बंधारे घातले आणि पाणी आटत गेलं. उरलंसुरलं १६ जून १८१९ च्या भूकंपानं संपवलं. कच्छच्या रणात जमीन उचलली जाऊन लांबच लांब उंचवटा तयार झाला. लोक त्याला अल्लाह बंद म्हणतात, म्हणजे माणसानं न बांधलेला बांध. त्याच्या दक्षिणेची जमीन खचली, सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. लखपतचा कोट राहिला, व्यापारी पांगले.

प्रश्न : पादरा गावाजवळ शेतावर भुंगा, म्हणजे कच्छी पद्धतीचं गोल मातीचं घर, बांधायचं आहे. वरून मंगलोरी कौलं घातली तर चालेल का? (एक वाचिका, रावपुरा)

उत्तर : कौलं घालू नका. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात नीट बांधलेले बरेच भुंगे उभे राहिले, त्यामागे एक कारण हलकं छप्पर होतं. दुसरं कारण गोल भिंत. चौकोनी घराला पहिली चीर कोपऱ्यात जाते, भुंग्याला कोपराच नाही. हादरा भिंतीभर वाटला जातो. जड कौलांनी वरचा भार वाढला की हा फायदाच जातो.

आतला व्यास ४ ते ५ मीटर पुरे. मातीची भिंत दीड फुटाच्या आसपास जाड ठेवा. एक दार आणि छोट्या दोन-तीन खिडक्या, त्याही एकमेकींपासून लांब, कारण दोन खिडक्यांमधली भिंत अरुंद झाली की तिथंच फाटते. भिंतीच्या माथ्यावर सलग पट्टा हवा. त्याला वासे घट्ट बांधा, नुसते टेकवू नका. शंकूसारख्या छपराच्या टोकाचा भार घेणारा मधला खांब आडव्या तुळईवर उभा करतात. पारंपरिक पद्धतीत ती तुळई भिंतीवर टेकते. मोठ्या भुंग्यात तिला खालून आधाराचे खांब द्या, म्हणजे भिंतीवर सगळा भार येत नाही. लाकडाला वाळवी लागली का, हे दरवर्षी बघा.

पादऱ्याला कच्छपेक्षा बराच जास्त पाऊस पडतो. म्हणून गवताचा उतार तीव्र ठेवा, वळचण भिंतीबाहेर दोन फूट तरी येऊ द्या आणि जोतं दगडाचं, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच घ्या. मातीची भिंत खचते ती बहुतेक वेळा पायाशी, शिंतोड्यांनी. माती, शेण आणि तुसाचं लिंपण पावसाळा संपल्यावर, भिंत पुरती वाळू देऊन करा. ओल्या भिंतीवर लिंपलं तर पापुद्रे सुटतात.