रत्नागिरीत नव्याने राहायला आलोय. शहर स्वच्छ, हिरवं राहावं म्हणून इथे लोक मिळून काय काय करतात आणि एकट्या माणसाने सुरुवात कुठून करावी?

तुम्ही हे मे महिन्यात विचारलंत ते बरं झालं. आमच्याकडे कचऱ्याचं वर्ष मिरगापासून मिरगापर्यंत मोजावं; मिरग म्हणजे मृग नक्षत्र, जूनमधली पावसाची सुरुवात. पावसाआधी जे उचलायचं राहून जातं ते वाहून जातं, आणि सप्टेंबरात परत भेटतं ते थेट समुद्रावर.

भाट्ये आणि मांडवीच्या किनारा-सफाईला मी बरीच वर्षं जाते. सप्टेंबरचा तिसरा शनिवार जगभर किनारा-स्वच्छतेचा दिवस म्हणून पाळतात. त्या सुमारास इथेही शाळा-कॉलेजं, मंडळं उतरतात, तेव्हा तुम्हीही नक्की या. पण माझ्या पहिल्या वर्षी काय झालं ते आधी ऐका. सकाळभर खपून आम्ही गोणी भरल्या, ओळीने लावल्या आणि घरी गेलो. त्या न्यायला गाडी येणार होती, ती आली नाही. तिसऱ्या दिवशी अमावास्या. संध्याकाळी मी बघायला गेले तर कुत्र्यांनी फाडलेल्या गोणी उधाणाच्या भरतीने ओढून नेलेल्या, आणि आम्ही वेचलेल्या बाटल्या पुन्हा लाटांवर. मला तिथे उभ्या उभ्या रडू आलं. तेव्हापासून गाडी पक्की झाल्याशिवाय मी तारीख ठरवू देत नाही.

वेळही घड्याळ बघून ठरत नाही, ती तिथी बघून ठरते. एका मच्छीमार काकांनी मला हा हिशेब शिकवला. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला तीनच्या आसपास भरती, म्हणजे ओहोटी नऊच्या सुमारास, त्यामुळे सकाळी आठला जमलात तर उत्तम. अष्टमीला सहाला भरती, त्या दिवशी पहाटे गेलात तर उचलायला वाळूच दिसणार नाही. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आतबाहेर, म्हणून उजाडताना किनारा मोकळा मिळतो. हे माहीत नसल्यामुळे हौसेने आलेली माणसं नुसती उभी राहून परत गेलेली मी पाहिली आहेत.

आता मुख्य गोष्ट. किनाऱ्यावर काय सापडतं ते नीट बघितलं की कळतं. नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे आणि थर्माकोल बराचसा समुद्राकडून येतो. पण दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, औषधांची रिकामी पाकिटं, चपला? त्या आपल्याच दारातल्या. गटारातून पऱ्यात म्हणजे छोट्या ओढ्यात, पऱ्यातून खाडीत, खाडीतून भाट्यात. पावसाळाभर वारा समुद्राकडून जमिनीकडे असतो, म्हणून तो सगळा ऐवज लाटा पुन्हा किनाऱ्यावरच आणून टाकतात. एकट्या माणसाने काय करावं याचं माझं उत्तर म्हणून एवढंच आहे: समुद्रावर जाण्याआधी घराजवळचा पऱ्या शोधा. मिरगाच्या आधी दोन रविवार, दोन-चार शेजारी, फावडं, घमेलं, हातमोजे, पायात बूट. रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी अडकलेलं जेवढं निघेल तेवढं काढा. तिथली एक गोणी भरली की समुद्रावरच्या दहा गोण्यांचं काम वाचतं असं मला वाटतं. एक चूक मात्र करू नका. आम्ही कचरा अडवायला मोरीवर जुनं जाळं बांधलं होतं. पहिल्याच जोराच्या सरीत त्यात पाला बसला आणि पाणी रस्त्यावर आलं. एका आजीबाईंच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, चिखल गेला, तो आम्हीच उपसला.

मेमध्येच दुसरं काम म्हणजे पातेरा, म्हणजे झाडांचा वाळलेला पाला. सकाळी झाडून गोळा केलेला पातेरा लोक परड्यात, म्हणजे घरामागच्या आवारात, पेटवतात आणि त्यात प्लास्टिकही टाकतात. तो धूर लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या छातीत जातो. शेजाऱ्यांकडे तो पातेरा मागून घ्या, आनंदाने देतील. गोणीत भरून कोरड्या जागी ठेवा. पावसात घरचं खत बिघडतं ते कोरडं काही मिळत नाही म्हणूनच. तळाला भोकं पाडलेला पिंप पडवीत ठेवा, ओल्या कचऱ्याचा एक थर आणि त्यावर दुप्पट पातेरा. वास आला तर पातेरा वाढवा. नारळाच्या काथ्याचा भुसाही चालतो. माशांची खवलं, डोकी मात्र पिंपात नको, ती माडाच्या आळ्यात खोल पुरावीत, नाहीतर मांजरं रात्रभर झोपू देणार नाहीत.

झाडांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. जूनमध्ये रोपं वाटायचे कार्यक्रम पुष्कळ होतात, पण पुढच्या एप्रिलात पाणी घालायला आणि गुरांपासून राखायला कोणी नसतं. पाचच लावा. किनाऱ्याजवळ उंडी, करंज, भेंडी. आवारात रातांबा (कोकम), बकुळ, जांभूळ. वाळूवरची मर्यादवेल उपटू नका, ती वाळू धरून ठेवते. आणि कृपा करून कातळसड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, खड्डे खणून झाडं लावू नका. उन्हाळ्यात तो उजाड दिसतो, पण पाऊस लागला की जाऊन बघा, दीपकाडीची पांढरी फुलं उमलतात, आणि ही वनस्पती कोकणाबाहेर सहसा दिसत नाही. ज्या कातळशिल्पांना 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत जागा मिळाली, तीही याच सड्यांवर आहेत.

बाकी वर्षभर असं: गणपतीत विसर्जनाच्या घाटावर निर्माल्य वेगळं घ्यायला हात लागतात. दिवाळीच्या आगेमागे गावोगावी सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून वनराई बंधारे बांधतात, त्या श्रमदानाला कुणीही गेलं तरी चालतं. हिवाळ्याच्या शेवटी मंडणगडातल्या वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघा. तिथे 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम उभं केलं. पाहुणे गावातल्याच घरांत राहतात, जेवतात, त्यामुळे अंडी राखणं गावाला परवडतं. आणि कधी वेंगुर्ल्याला गेलात तर नगरपरिषदेचा कचरा डेपो बघा. खरंच, लोक तो बघायला जातात. सुका कचरा तिथे हाताने वेगवेगळा केला जातो, ओल्यापासून गॅस होतो, आणि आवारात बाग आहे.

मिरगाला अजून थोडे दिवस आहेत. तुमच्या घराजवळचा पऱ्या कुठे जातो हे माहीत नसेल तर गल्लीतल्या सगळ्यांत जुन्या घरी विचारा. पाणी कुठे तुंबतं ते तेच नेमकं सांगतील, आणि बहुतेक फावडंही तिथेच मिळेल.