युद्धनौकेला खिडक्या का नसतात? आत हवा-उजेड कसा मिळतो?

जुन्या फोटोंत युद्धनौकांच्या बाजूला गोल खिडक्यांच्या रांगा दिसतात, आजच्या नौकांची बाजू मात्र कोरी. मग आतली माणसं राहतात कशी, असं तुम्ही विचारलंय. मी नौदलात इंजिनरूमला होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

त्या खिडकीला आम्ही स्कटल म्हणतो. तिच्यावर आतून लावायच्या झाकणाला डेडलाइट. रात्री एका उघड्या स्कटलमधला उजेडही जहाजाचा ठावठिकाणा सांगतो, आणि जहाज कललं की तिथूनच पाणी आत शिरतं. १६२८ साली स्टॉकहोमला ‘वासा’ पहिल्याच सफरीत बुडालं, ते खालच्या तोफांच्या उघड्या झडपांतून पाणी घुसून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने कित्येक जहाजांची स्कटल पोलादी पत्रा लावून कायमची बुजवली.

पण खिडकी बुजवली की सगळी भिस्त पंख्यावर येते. अमेरिकन यादवी युद्धातलं ‘मॉनिटर’ बघा. जॉन एरिक्सन या अभियंत्याने आखलेल्या या लोखंडी जहाजाचा डेक पाण्यापासून जेमतेम हातभर वर, राहायच्या खोल्या पाण्याच्या पातळीखाली. उजेडासाठी डेकमध्येच जाड काचा बसवलेल्या. लढाईत त्यांवर लोखंडी झाकणं. हवा आत ओढायला वाफेवरचे ब्लोअर, चामडी पट्ट्यांनी फिरणारे. मार्च १८६२ मध्ये न्यूयॉर्कहून हॅम्प्टन रोड्सला जाताना वादळी लाटा हवेच्या वाटेने आत कोसळल्या. पट्टे भिजून घसरले, ब्लोअर थांबले. भट्ट्यांना हवा मिळेना, विषारी वायू इंजिनरूममध्ये कोंडला, माणसं बेशुद्ध पडली. त्यांना उचलून तोफांच्या बुरुजाच्या माथ्यावर, मोकळ्या हवेत नेलं. वाफ उतरली तसे पाणी उपसायचे पंपही बसले. एकही तोफगोळा लागण्याआधी जहाज हातचं जायची वेळ आली होती, कारण काय तर भिजलेला पट्टा! इंजिनरूममध्ये काम केलेल्या माणसाच्या हे वाचून पोटात गोळा येतो.

१० डिसेंबर १९४१ ला मलायाजवळ ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या ब्रिटिश युद्धनौकेवर टॉर्पेडो लागला तेव्हाही मागच्या भागातली वीज गेली आणि तिच्यासोबत तिथले पंखे.

आता तर खिडकी नसणं हाच बचाव आहे. अणू किंवा रासायनिक हल्ल्याची शक्यता असली की आतला भाग सीलबंद करतात, गाळलेली हवा आत सोडतात आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राखतात. कुठे फट राहिलीच तर हवा आतून बाहेर जाते, विष आत येत नाही. मोठ्या काचा उरल्या त्या मुख्यतः ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे.

उजेड सगळा दिव्यांचा. रात्री ठिकठिकाणी लाल दिवे लावतात, म्हणजे वर पहाऱ्याला जाणाऱ्याचे डोळे अंधाराला सरावलेले राहतात.

खाली सूर्य दिसत नाही याची सवय होते. व्हेंटिलेशनच्या घरघरीचीही इतकी होते की तिच्यातच गाढ झोप लागते. ती थांबली, की मेसमधला, म्हणजे आमच्या राहायच्या-झोपायच्या खोलीतला, प्रत्येक जण बंकवर उठून बसतो.