लम्पीच्या प्रोजेक्टसाठी कोणती सेल लाइन घ्यावी? नाशिकमध्ये हे काम जमेल का?

एमडीबीके घ्या. गाईच्या मूत्रपिंडाच्या पेशी आहेत, 1957 पासून प्रयोगशाळेत वाढवत आणलेली लाइन, लम्पीचा विषाणू त्यांवर वाढतो. कोकराच्या वृषणाच्या ताज्या पेशी अजून चांगल्या, पण तो खटाटोप विद्यार्थ्याने अंगावर घेऊ नये. हे कुणीही सांगेल. पेशींना वाढायला जे सिरम घालतात, ते कुठलं वापरणार, हे तुम्ही विचारलंच नाहीत.

मी जिथे काम करायचे तिथे सिरम स्वस्तातलं यायचं आणि कुणी तपासत नसे. सर म्हणायचे, "थर छान दिसतोय ना? मग पीसीआर कशाला वाया घालवतेस?" थर छानच होता. पेशी फरशीसारख्या एकमेकींना लागून बसलेल्या, कुठे भोक नाही. मी विषाणू न घातलेल्या कंट्रोल फ्लास्कचाच बीव्हीडीसाठी, म्हणजे गुरांना जुलाब लावणाऱ्या विषाणूसाठी, पीसीआर लावला. पॉझिटिव्ह! हे सिरम गर्भातल्या वासरांच्या रक्ताचं असतं आणि गाय बाधित असली की बीव्हीडी गर्भात उतरतो. त्याचे बरेचसे प्रकार पेशी मारत नाहीत, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली काहीच कळत नाही. आत मात्र तो पेशीचं इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूला अडवणारं तिचं हत्यार, दाबून टाकतो. मग दुसरा विषाणू जोमाने वाढला, तर श्रेय कुणाचं? सरांना सांगितलं, तर म्हणे ग्राफ चांगला येतोय, राहू दे.

2022 मध्ये बाजार बंद झाले तेव्हा निफाडला आत्याच्या जर्सीच्या अंगभर गाठी होत्या. आत्याने विचारलं, "तुमच्या बाटलीतल्या पेशींना गाठी येतात का गं?" नाही येत. पेशी गोल होतात, काचेवरून सुटतात, तेही बरेच दिवस वाट बघायला लावून. गाठीला कातडी लागते, रक्तवाहिन्या लागतात, प्रतिकारशक्ती लागते. विषाणू किती आहे, लसीनंतरची अँटीबॉडी त्याला अडवते का, एवढं फ्लास्क सांगेल. ताप, दूध आटणं, कुठल्या माशीने आणला हे नाही. असले प्रश्न आमच्या मीटिंगमध्ये कुणाला सुचले नाहीत.

नाशिकचं म्हणाल तर पेशी वाढवायला कॉलेजात शिका, हूड आणि इन्क्युबेटर असला की झालं. जिवंत विषाणू मात्र परवानगीशिवाय तिथे आणू नका. लाळ्या-खुरकूतचा तर विचारही नको. निदानाला तसंही कल्चर लागत नाही, गाठीच्या खपलीचा पीसीआर पुरतो.

एक राहिलं. गॅमा किरण दिलेलं सिरम घेतलंत तरी पीसीआर पॉझिटिव्ह येऊ शकतो, कारण मेलेल्या विषाणूचा आरएनए त्यात उरतो. म्हणून मध्ये काही पॅसेज जाऊ द्या, म्हणजे पेशी काही वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवा, आणि पुन्हा तपासा. सरांनी तेव्हा हीच पळवाट काढली होती, "मेलेला असेल गं." मेलेल्याचा आरएनए पॅसेज केल्याने वाढत नाही. माझ्या फ्लास्कमध्ये तो वाढत होता.