जॅझ फ्यूजन (जॅझमध्ये रॉक-फंक मिसळलेलं संगीत) डोक्यावरून जातं, त्याची मजा कशी घ्यायची?

चाल शोधत बसाल तर जाणारच. आधी बेस, म्हणजे खालचा जाड सूर, धरा.

आमच्या सिंधुदुर्गातली डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, ऐकलीय? बुवा गजर चढवतो, झांजा लय सोडत नाहीत आणि मध्येच पखवाजवाला असा काही सुटतो की मांडवातले म्हातारेही डोलायला लागतात. इथेही तेच. बेस-ड्रम्स ठेका धरून ठेवतात, बाकीचे आळीपाळीने सुटतात.

सुरुवातीला स्नार्की पपी या बँडचा 'वी लाइक इट हिअर' (२०१४) हा अल्बम घ्या. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला, समोर हेडफोन लावलेले श्रोते बसवून थेट वाजवलेला आहे. त्यातल्या 'लिंगस'चा व्हिडिओ जरूर बघा: कोरी हेन्रीचा कीबोर्ड सोलो चालू असताना बाकीच्या वादकांचे चेहरे! मग पियानोवादक हर्बी हॅनकॉकचा 'हेड हंटर्स' (१९७३). फक्त चार रचना, पण 'कमेलियन' पंधरा मिनिटांवर चालते आणि तिचा तो गुबगुबीत बेस सिंथेसायझरवरचा आहे.

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र नको, बेस मरतो. आणि कुडाळहून चिपळूणला रेल्वेने जाताना ऐकणार असाल तर आधी डाउनलोड करा. एकटा करबुडे बोगदाच साडेसहा किलोमीटरचा, ऐन सोलोत रेंज जाते.