अर्ली डिसिजन करावं की रेग्युलरला थांबावं?

"मुलगा सीनियर इयरला (बारावीला) आहे, एक कॉलेज मनापासून आवडलंय, पैशांची चिंता आहे, अर्ली डिसिजन करू का?" असं तुम्ही विचारलंय. अर्ली डिसिजन म्हणजे अमेरिकेतल्या एकाच कॉलेजला आधी अर्ज करायचा, आणि मिळालं तर तिथेच जाऊ असा करार सही करून द्यायचा; रेग्युलर म्हणजे नंतरच्या नेहमीच्या मुदतीत, करार न करता हव्या तेवढ्या कॉलेजांना अर्ज. पैशांची चिंता आहे ना? मग करू नका.

आता एवढ्या तावातावाने का लिहितोय ते सांगतो. तीन वर्षांपूर्वीची ३१ ऑक्टोबरची रात्र. अर्ज १ नोव्हेंबरला जायचा. बायको चॉकलेटचं पातेलं घेऊन हॅलोविनच्या पोरांसाठी दाराशी, आणि मी डायनिंग टेबलावर लॅपटॉपसमोर. करारावर लेकीची सही झालेली, शाळेच्या काउन्सेलरची झालेली, पालकाची राहिलेली. कॉलेज खासगी, राहण्याजेवणासकट वर्षाला ८५ हजार डॉलर. त्यांच्याच वेबसाइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये (कॉलेजची मदत वजा जाता घरून किती भरावे लागतील, याचा अंदाज देणारं) आमच्या टॅक्सचे आकडे भरले. आमचा वाटा आला ६१ हजार. भरताना एखादं शून्य जास्त पडलं असेल म्हणून पुन्हा भरलं. तेवढाच.

तेवढ्यात साडूंचा फोन. "अहो, अर्लीत चान्स दुप्पट असतो, सही करून टाका, पैशांचं काय, बघता येतं." त्या 'दुप्पट' मध्ये कोचने आधीच हेरलेले खेळाडू असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात. आमच्या लेकीची खेळातली मजल कॅरमपर्यंत.

मी सही केली नाही. तीन आठवडे ती माझ्याशी "मीठ द्या" यापलीकडे बोलली नाही. मार्चअखेर चार कॉलेजांचं हो आलं. एकाचं आर्थिक मदतीचं पत्र दुसऱ्याला दाखवून वर्षाला आठ हजार वाढवून घेतले. अर्लीत हे जमत नाही. डिसेंबरमध्ये हो आलं की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे, मग घासाघीस कशाच्या जोरावर करणार?

ते पहिलं कॉलेज? तिथे रेग्युलरला वेटलिस्ट, पुढे काही नाही. हे साडू दर दिवाळीला फराळाच्या ताटावर काढतात. त्यांच्या चिरंजीवांना अर्लीत मिळालं आणि दुसऱ्या वर्षी ते ट्रान्सफर घेऊन बाहेर पडले, ते कोणी काढत नाही. मग मी काढतो.

हां, मदत पुरत नसेल तर करारातून सुटता येतं, हे खरं. पण ऐन डिसेंबरात कागदपत्रं घेऊन कॉलेजच्या मागे लागायचं, आणि तोवर रेग्युलरच्या तारखा डोक्यावर. अर्ली ॲक्शन वेगळं, अर्ज तसाच लवकर पण त्यात बंधन नाही, जिथे आहे तिथे जरूर टाका. फक्त येल, स्टॅनफर्डसारख्यांकडे टाकलं तर दुसऱ्या खासगी कॉलेजात अर्ली चालत नाही, तेवढं वाचून घ्या.

आणि कॅल्क्युलेटरचा आकडा बघून पोटात गोळा येत नसेल तर अर्ली डिसिजनही करा बिनधास्त. मात्र तो आकडा मुलाला शेजारी बसवून सप्टेंबरातच बघा. मी शेवटच्या रात्री एकट्याने बघितला, आणि लेकीला नुसतं 'नाही' ऐकवलं.