शेक्सपिअरचं हॅम्लेट वाचायला घेतोयस ना, मग हे बघ

राजपुत्र हॅम्लेट खरंच वेडा की नाटक करतोय यावरच डोकेफोड करत बसू नकोस, नवीन माणूस हमखास तिथे अडकतो आणि बाकीचं नाटक हातचं जातं. वरवरचं आणि आतलं यातला घोळ बघायचाय तर तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश काढ. क्लॉडियस, म्हणजे हॅम्लेटच्या बापाला मारून राजा झालेला काका, एकटाच गुडघे टेकून बसलाय, मागून हॅम्लेट येतो, आयता चान्स आहे, पण प्रार्थना करताना मारला तर मेला थेट स्वर्गात जायचा म्हणून सोडून देतो, आणि गंमत म्हणजे तो गेल्यावर क्लॉडियस उठून स्वतःच कबूल करतो की शब्द वर गेले पण मन खालीच राहिलं, म्हणजे प्रार्थना झालीच नव्हती! पहिल्या अंकात आईला ठणकावून सांगणारा की माझं दुःख वरवरचं नाहीये, तोच इथे नुसत्या पोझला फसला. लगेच पुढच्या प्रवेशात पडद्यामागे राजा असेल असं धरून तलवार खुपसतो आणि मरतो कोण, तर राजाचा मंत्री पोलोनियस. हे दोन्ही सलग वाच, मधे चहाला उठू नको.

काकानेच मला मारलं हे बापाच्या भुताचं म्हणणं खरं की खोटं हे तपासायला हॅम्लेट त्याआधी दरबारात तसाच खून दाखवणारं नाटक लावतो, माझ्या मते हा नाटकातला सगळ्यात भारी डाव.

आगरकरांनी १८८३ मध्ये 'विकारविलसित' नावाने हे मराठीत आणलंय, पण भाषा जुनी आहे, ते नंतर घे.