ब्रेकरच्या अलीकडची केबल
प्रश्न : आमच्या प्रशिक्षण विमानात प्रत्येक उपकरणाला सर्किट ब्रेकर आहे, मग शॉर्ट सर्किटची भीती कशाची?

उत्तर : ब्रेकर बसबारपुढच्या, म्हणजे उपकरणांना वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्टीपुढच्या, तारांचे रक्षण करतात. बॅटरीपासून मास्टर कॉन्टॅक्टरपर्यंतच्या (मास्टर स्विचने चालणाऱ्या मोठ्या विद्युत्-चुंबकी स्विचपर्यंतच्या) जाड केबलला मात्र बहुधा फ्यूजही नसतो, आणि मास्टर स्विच बंद केला तरी तिच्यात वीज असतेच. म्हणून ती शक्य तितकी आखूड ठेवतात आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारे कडे) बसवतात, कारण इंजिनाच्या कंपनांमुळे पत्र्याची धार तिचे आवरण हळूहळू कापत जाते. तपासणीत टॉर्च आधी तिथेच मारावा, असे माझे मत आहे. बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडवावे व बसवताना शेवटी जोडावे. एरवी धन टोकावरचा पाना ऋण टोकाशी जोडलेल्या विमानाच्या सांगाड्याला टेकला, की ठिणगी ठरलेलीच.